विपरीत ग्रहण करावे

१

रावेरच्या जीवरामभाऊ महाजनांनी सकाळी आपल्या नव्या चेंबरचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. मग पुन्हा उघडलं. आतला प्रकार बदलला नव्हता.

हे चेंबर म्हणजे केळी पिकवायची बंद खोली. हिरवी केळी आत ठेवायची, थंड हवेत हळूहळू पिवळी होऊ द्यायची आणि दिल्लीला पाठवायची, असा एकूण बेत होता. केळ्यांनी मात्र पिवळं होण्याचा टप्पा गाळून थेट काळं होणं पसंत केलं होतं. दारातून गरम वाफेचा असा लोट आला की जीवरामभाऊंचा चष्मा धुरकटला, आणि तो पुसावा असं त्यांना बराच वेळ वाटलं नाही.

चेंबर नवंकोरं होतं. उद्घाटन झालं होतं, नारळ फुटला होता, आमदार येणार होते ते आले नव्हते, म्हणजे सगळं रीतसर झालं होतं. ही पहिलीच भरती. दुसऱ्या भरतीची केळी कापून ट्रॅक्टरवर लादलेली, बाहेर उन्हात उभी. कापलेलं केळं कुणासाठी थांबत नाही. हमाल सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत ये-जा करत होते आणि दर थोड्या वेळाने एकजण येऊन विचारत होता, भाऊ, उतरवायची का?

जीवरामभाऊंना त्याचं उत्तर माहीत नव्हतं. एकच गोष्ट त्यांना पक्की माहीत होती. हे काम बादल पावराचं.

बादल वायरमन होता. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. आयटीआय करून लायसन मिळवलेला त्याच्या गावातला पहिलाच माणूस. चेंबरची सगळी वायरिंग त्याने एकट्याने केली होती. काम संपत आलं तेव्हा जीवरामभाऊंनी दहा माणसांत त्याला विचारलं होतं, तुमच्या गावात बल्ब कधी लागला रे? माणसं हसली. बादल हसला नाही. एवढंच म्हणाला की चेंबर चालू झालं की दिसेल. ते आता दिसत होतं.

त्याला रावेरातल्या त्याच्या खोलीवरून बोलावून आणलं, ऑफिसात पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. जीवरामभाऊंचा पुतण्या नवल तक्रारीचा मसुदा तयार करू लागला. संध्याकाळच्या आत पोलिसांकडे द्यायची. गुन्हा नोंदला की लायसन जाणार, हे नवलने खिडकीतून बादलला सांगितलंही. माहिती असावी म्हणून.

२

विमा कंपनीच्या सर्वेअर ज्योत्स्ना बोरसे मूळच्या धुळ्याच्या. त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी दीपनगरला आल्या होत्या, तिथून तशाच रावेरला आल्या. बाईंना बसवत नसे. खुर्ची दिली की त्या तिच्या पाठीवर पर्स अडकवत आणि स्वतः फिरत राहत. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. त्यांच्या अहवालात ‘घातपात’ लिहिलं जाणार की ‘बिघाड’, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

त्यांनी आधी पॅनेल उघडायला लावलं. भिंतीवरच्या त्या लोखंडी पेटीत कंट्रोलर होता. तो आतली हवा बघून हुकूम सोडायचा आणि तारांमधून ते हुकूम पोचायचे. एकूण सहा तारा: पंखा, थंडावा, फवारा, झडप, घंटा आणि दार. प्रत्येक तार बसवायला दोन जागा असतात, एक सुलटी आणि एक उलटी. सुलट्या जागेत तार दिली तर कंट्रोलर ‘चालू’ म्हणाला की यंत्र चालू होतं. उलट्या जागेत दिली तर ‘चालू’ म्हणाला की बंद होतं. काही घरांतही अशी पद्धत असते.

पंखा, थंडावा, फवारा, झडप या चारही तारा चुकीच्या जागी होत्या. थंडी हवी म्हटलं की थंडावा बंद, नको म्हटलं की चालू. घंटा आणि दार मात्र अगदी जिथे हवीत तिथे.

काम नीटनेटकं होतं. प्रत्येक तारेला स्लीव्ह, प्रत्येक वळण काटकोनात, जुडी बांधलेली. चूक करणारा माणूस इतकी देखणी चूक करत नाही.

पॅनेलच्या दाराला सुतळीने एक पुस्तक लटकवलेलं होतं. कंट्रोलर बनवणाऱ्या ‘थंडगार कंट्रोल्स’ या जळगावच्या कंपनीचं, निळं मुखपृष्ठ, वर बर्फाचं फूल. इंग्रजी पुस्तक. बाईंनी ते चाळलं. मग सुतळी दोन बोटांत धरून बघितली. सुतळी तेलकट, काळी पडलेली. पुस्तक कोरं. एका पानावरही बोट उमटलेलं नव्हतं.

‘हे पुस्तक आधीपासून इथेच होतं?’ त्यांनी विचारलं.

जीवरामभाऊ म्हणाले की होतं, निळंच होतं, तसंच फूल होतं. आत काय होतं ते त्यांनी बघितलं नव्हतं. ‘मले काय करायचं पुस्तकाचं, मॅडम? मले केळी पिकवायची व्हती.’

३

वॉचमन पुना कोळी याच्यावर संशय घ्यायला काही कारण नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच दिलं. त्याने सांगितलं की रात्री घंटा वाजत होती. चांगली वाजत होती. थांबेचना, म्हणून त्याने तिची वायर उपटली.

बाईंनी शेंग फोडायची थांबवली. घंटा वाजली तर फोन का नाही केला?

‘कशाला, ताई? घंटा बिघडली होती, केळी थोडीच.’

आपल्याकडे घंटेची ही अडचण आहेच. ती वाजली की सगळ्यांना तिचाच राग येतो.

नवलने सांगितलं की त्याला हे चेंबर पहिल्यापासून नको होतं, काकांना तो दुसऱ्या कंपनीचं घ्या म्हणत होता. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्याचं नाव बाईंनी संशयितांत घेतलं आणि मग त्याच कारणासाठी काढून टाकलं. गुन्हेगार इतका उघड खूश होत नाही, नातेवाईक होतो. सकाळी काळी केळी बघताच थंडगारवाल्यांना फोन आपणच केला, असंही तो म्हणाला. त्यांचे इंजिनियर अभिमन सोनवणे तासाभरात जळगावहून गाडी घेऊन हजर झाले. सगळे केळ्यांपाशी होते, तेव्हा साहेब एकटेच पॅनेलपाशी थांबून तपासणी करत होते.

मग बाई बादलकडे गेल्या. कडी काढून आत शिरल्या आणि बसायच्या ऐवजी खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. तिशीच्या आतला, कोरड्या ओठांचा माणूस. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला.

बाईंनी धुळ्याकडच्या बोलीत विचारलं, ‘हाई काय करं रे भाऊ?’

आपली बोली ऐकून बादलने पहिल्यांदा मान वर केली. ‘ताई, मी पुस्तकमा व्हतं तसंच करेल शे. ज्यासवर रेघ व्हती त्या बठ्ठा उलटा जोडात.’

‘कशावर रेघ होती?’

‘बठ्ठासवर,’ तो म्हणाला. म्हणजे सगळ्यांवर.

जोडल्यावर तपासलं का, असं विचारलं तेव्हा म्हणाला की तपासलं. वीज देताच पंखा फिरला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. उलट्या तारेचा पंखा फिरायचाच, कारण कंट्रोलरने अजून काही मागितलंच नव्हतं. इथे बादलचंही चुकलं होतं, आणि बाईंनी ते तोंडावर सांगितलं. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघायला हवं होतं. बादलने मान खाली घातली. टाळ्यांच्या आवाजात तेवढं राहिलं.

बाईंनी जाऊन पॅनेलवरचं पुस्तक आणलं आणि त्याच्यापुढे उघडून धरलं. सहा इंग्रजी नावं. त्यांतल्या फक्त दोघांच्या डोक्यावर आडवी रेघ होती, अलार्म आणि डोअर. बाकी चार डोकी उघडी.

बादलने बराच वेळ पान बघितलं. इंग्रजी अक्षरं त्याला एकेक करून वाचता येत होती, तशी त्याने वाचली.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘हाई ते पुस्तकच नही.’

४

‘तेच पुस्तक आहे,’ अभिमन सोनवणे म्हणाले. ‘आमचं एकच पुस्तक आहे आणि ते इंग्रजीत आहे.’

अभिमनसाहेब चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, अतिशय विनम्र. त्यांना एकच खोड होती. दुसऱ्याचं चुकलं की ते दुरुस्त करत. बाहेर चेंबरवरच्या पाटीत ‘शीतगृह’मधली शी ऱ्हस्व आहे, हे त्यांनी येताच जीवरामभाऊंना सांगितलं होतं. आत केळी काळी पडलेली असताना.

रेघेचा अर्थ त्यांनी आनंदाने समजावला. यंत्रांच्या पुस्तकांत जगभर अशी रीत आहे. नावावर रेघ नसेल तर तार सुलटी, रेघ असेल तर उलटी. घंटा आणि दार यांचं काम धोक्याच्या वेळचं, वीज तुटली तरी ती बोलली पाहिजेत, म्हणून ती दोनच मुद्दाम उलटी ठेवलेली. शेंबड्या पोरालाही कळेल. आता सगळ्यांवर रेघ होती असं कोणी म्हणत असेल, तर त्याला दिसत नाही किंवा तो खोटं बोलतो.

‘दिसतं त्याला चांगलं,’ नवल म्हणाला.

जीवरामभाऊंचा धीर सुटला. बाहेरून परत एक हमाल विचारून गेला होता. त्यांनी फोन लावला आणि आरोपी पकडून ठेवलाय, माणूस पाठवा, असं ठाण्याला कळवलं. मसुदा तयार होता, फक्त सही राहिली होती. बाई म्हणाल्या, सही थोडी थांबवा. जीवरामभाऊ म्हणाले की केळी थांबत नाहीत, मग मी कायले थांबू?

बाईंनी अंगणात दोन चकरा मारल्या. एक प्रश्न त्यांना टोचत होता. बादलला सूड घ्यायचा असता, तर त्याने सगळ्यात आधी घंटेचं तोंड बंद केलं असतं. आणि तो गाफील असता, तर सहांतल्या काही तारा उलट्या गेल्या असत्या, काही सुलट्या. इथे तर सहाच्या सहा उलट्या जागी होत्या. घंटा आणि दार बरोबर वाटत होती, कारण ती उलटीच हवी होती. म्हणजे माणसाने चूक केली नव्हती, एक नियम पाळला होता. इमानाने, एकही अपवाद न करता. नियम कुणाचा?

त्या परत ऑफिसात गेल्या. पुस्तकात काय लिहिलं होतं, शब्दान् शब्द आठवतंय का, असं त्यांनी विचारलं.

बादल उठून उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना सरळ. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा आवाजात तो म्हणाला, ‘ज्या संकेतनामाच्या शिरोभागी रेषा असेल, ते विपरीत ग्रहण करावे.’

बाईंच्या हातातली पुडी तशीच राहिली. अर्थ विचारला तर म्हणाला, रेघ असेल ते उलटं. वाक्य कळायला दोन दिवस लागले म्हणून पाठ झालं होतं.

‘एक नाव लिहून दाखव. पुस्तकात जसं होतं तसं.’

बादलने तक्रारीच्या मसुद्याचाच एक रद्द कागद ओढला. ‘पंखा’ लिहायला घेतला. आधी अक्षरं उभी केली, सुटी सुटी. मग पेन डावीकडे नेलं आणि सगळ्यांच्या डोक्यावरून एका दमात आडवी रेघ ओढली.

‘ही काय,’ तो म्हणाला. ‘रेघ.’

बाहेर फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पुना धावत सांगायला आला की हवालदार आलेत.

५

हवालदारांना चहा दिला. चहा आहे तोवर कायदा थांबतो. तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना पॅनेलपाशी बोलावलं. बादललाही आणलं. तो जीवरामभाऊंपासून लांब, भिंतीला लागून उभा राहिला.

बाई म्हणाल्या की अहवाल लिहायला घेते, तेवढं बादलचं म्हणणं सर्वांसमोर वाचते, म्हणजे नंतर कुणी बदलणार नाही. हातात कागद नव्हताच, शेंगांची पुडी होती. तिच्यात बघत त्यांनी म्हटलं, ‘हा म्हणतो, पुस्तकात वाक्य होतं. ज्या नावाच्या वर रेघ असेल, ते उलटे समजावे.’

नवल हसला. असलं कुठे पुस्तकात लिहितात का, म्हणाला.

‘विपरीत ग्रहण करावे,’ अभिमनसाहेब म्हणाले.

सवयीने म्हणाले. हळू आवाजात, विद्यार्थ्याला सांगावं तसं. आणि मग स्वतःच ऐकलं.

बाहेर ट्रॅक्टरवर एक घड घसरून खाली आला.

बाईंनी पुडी मिटली. जे पुस्तक कधी निघालंच नाही, त्यातलं वाक्य तुम्ही दुरुस्त करताय, साहेब, असं त्या म्हणाल्या, आणि बाकीचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. पुस्तक मराठीत होतं. इंग्रजीत सहांतल्या दोनच नावांवर रेघ होती. मराठीत आल्यावर सगळ्या नावांवर आली, कारण मराठीत ती असतेच. अक्षरं काढून झाल्यावर आपण रेघ ओढतो आणि विसरून जातो. ती दिसणं आपण पहिलीतच बंद केलेलं असतं. बादलने ती बघितली, कारण नियमच होता की बघा. सकाळी सगळे केळ्यांपाशी असताना मराठी पुस्तक सुतळीतून निघालं आणि इंग्रजी बसलं. सुतळी मात्र बदलायची राहिली.

अभिमनसाहेब तसे सरळ मनाचे निघाले. गाडीत जाऊन त्यांनी ते पुस्तक स्वतःच आणून दिलं. पानांवर बोटांचे काळे ठसे होते आणि त्या वाक्याखाली पेनने दोनदा अधोरेखन. भाषांतर प्रमिलाबाईंचं. निवृत्त मराठी शिक्षिका, जळगावला राहतात, साहेबांच्या सासूबाई. कंपनीच्या मालकांकडे त्यांची शिफारस साहेबांनीच केली होती आणि मुद्रितंही त्यांनीच तपासली होती. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. पुढे मुक्ताईनगरला असाच प्रकार झाला, तेव्हा चूक त्यांच्या लक्षात आली. तिथल्या तारा त्यांनी गुपचूप बदलल्या आणि मराठी पुस्तकं परत गोळा करायला सुरुवात केली. रावेरचं राहिलं होतं. आज जमलं.

‘सासूबाईंना सांगितलं?’ बाईंनी विचारलं.

त्यांना सांगणं शक्य नव्हतं, असं साहेब म्हणाले. आवाजावरून ते खरं वाटलं.

जीवरामभाऊ खुर्चीत बसले. मग उठले. त्यांच्या डोक्यात आता नवंच गणित चालू झालेलं दिसत होतं. ते म्हणाले की झालं ते झालं. साहेब जळगावचे, शिकलेले, बायकामुलांचे. चूक भाषेची आहे. कंपनी बघून घेईल. हवालदारांना चहा पाजून परत पाठवू आणि आपसात मिटवून टाकू. नवलने मान डोलावली, पुनानेही. सगळ्यांना एकदम हलकं वाटायला लागलं.

‘जीवरामभाऊ,’ बादल म्हणाला.

तो एवढा वेळ बोलला नव्हता, त्यामुळे सगळे वळले.

‘मना टाइमले मिटवानं कोणले सुचनं नही.’

जीवरामभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बादल थांबला नाही, आणि आता शब्द निवडून, सगळ्यांना कळेल असं बोलला. चूक भाषेची, कबूल. तपासायचं राहिलं, तीही माझी, कबूल. पण पुस्तक भाषेने नाही बदललं. मी आत बसलो होतो. साहेब खिडकीसमोरून दोनदा गेले. त्यांनी बघितलं माझ्याकडे. त्यांना माहीत होतं.

अभिमनसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. खालीच बघत राहिले.

हवालदार कप ठेवून आत आले. वही काढली. ऊन त्यांनाही लागलं होतं, घाई त्यांनाही होती. ‘कोणाविरुद्ध लिहायचं?’

नवलने तक्रारीचा मसुदा पाठीमागे धरला. त्यात एक नाव होतं, ते आता नको होतं. दुसरं घ्यायला कुणाची जीभ वळत नव्हती. जीवरामभाऊंनी एकदा इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, एकदा भिंतीला टेकलेल्या माणसाकडे. दहा माणसांत हसणं सोपं होतं. हे दहा माणसांत बोलायचं होतं, आणि मोजून तीच दहा माणसं पुन्हा दारात जमली होती.

‘अभिमन सोनवणे,’ जीवरामभाऊ म्हणाले. ‘पुस्तक चोरलं. लिहा.’

‘पुस्तक?’ हवालदारांनी विचारलं. त्यांच्या नोकरीत पुस्तकाची चोरी पहिलीच असावी.

‘लिहा तुम्ही. मॅडम सांगतील बाकीचं.’ मग ते बादलकडे वळले. ‘बल्बचं ते...’ एवढं म्हणाले आणि तिथेच अडकले. बादलनेही त्यांना सोडवलं नाही. थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, ‘तारा कोण बदलणार?’

बादलने खिशातून टेस्टर काढला.

बाईंनी इंग्रजी पुस्तक हातात घेऊन एकेक नाव वाचलं. रेघ आहे, रेघ नाही, एवढंच सांगायचं. बादल प्रत्येक वेळी स्वतः पान बघायचा आणि मगच पेचकस लावायचा. चार तारा सुटल्या, चार लागल्या. पुनाने उपटलेली घंटेची वायर त्याने परत जोडली आणि पुनाकडे एकदा नुसतं बघितलं. दर तारेनंतर त्याने यंत्र चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. बाहेरून हमालाने विचारलं, उतरवायची का? आधी काळी केळी बाहेर काढा, जीवरामभाऊ म्हणाले.

मग बादल रिकाम्या चेंबरमध्ये गेला आणि आतून दार ओढून घेतलं.

दाराबाहेरच्या तापमापकाचा काटा दाखवत होता की आतली हवा गार होतेय. जीवरामभाऊ म्हणाले की काटा बरोबर सांगतोय, बाहेर ये. बादल आला नाही. थंडाव्याची मोटार चालू झाली, थांबली, पुन्हा चालू झाली. ट्रॅक्टरवरच्या केळ्यांवर ओली पोती टाकून झाली. हवालदारांचं लिहून झालं, सह्या झाल्या. नवल दाराला कान लावून आला. जीवरामभाऊंनी दारावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

दार उघडलं तेव्हा बादलने दोन्ही हात काखेत घातले होते. दंडावर काटा उभा होता, ओठ निळसर पडले होते.

‘भरा,’ तो म्हणाला.